खिडकीतून टाकलेला रुमाल

चैत्रातली संध्याकाळ. हळदीकुंकू नुकतंच आटोपलेलं, ओट्यावर आंबेडाळीचं पातेलं निम्मं उरलेलं, पन्ह्याचे पेले घासायचे पडलेले. मामा एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेत, पण डेटाबेस अडला की कारखान्याचा फोन अजून त्यांनाच येतो. भाची, घरातली मनू, पुण्यात नोकरी करते आणि पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसच्या कोडमध्ये भर घालते. कारखान्याच्या वजनकाट्यावरची प्रत्येक पावती त्याच डेटाबेसात पडते. म्हणजे एक ती चीज घडवणारी आणि दुसरा तिच्यावर संसार चालवणारा.

फीचर फ्रीझला तीन दिवस उरले होते. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ही तारीख येते. त्यानंतर वर्षाच्या नव्या आवृत्तीत नवं काही घेत नाहीत, फक्त दुरुस्त्या. मनूचा पॅच, म्हणजे तिने सुचवलेला कोडमधला बदल, अजून बाहेरच होता, आणि वाद तिथूनच पेटला.

भाची : चौदा महिने झाले, मामा. एकतिसाव्यांदा सुधारून पाठवलाय. मोठ्या टेबलावर इंडेक्स बांधताना मेमरी कमी लागते, आकडे मोजून दाखवलेत. आणि आता एक जण म्हणतो, एका अवघड प्रसंगात काय होईल त्याचं उत्तर पटत नाही. तीन दिवसांत नाही गेला तर पुढचं वर्ष.

मामा : मग जाऊ दे पुढच्या वर्षी. चांगला मुरेल.

भाची : मुरायला तो काय मुरांबा आहे? कोड मुरत नाही, शिळा होतो. आजूबाजूचा कोड रोज बदलत असतो. आज चपखल बसणारा पॅच सहा महिन्यांनी बसत नाही, परत उसवून शिवावा लागतो. शिवाय ज्यांनी तो वाचून तपासलाय, त्यांना तोवर काही आठवत नाही.

मामा : तुझं शिवणकाम वाढेल, कबूल. पण माझं काय वाढेल ते सांगू? चौदावी आवृत्ती आठव. 30 सप्टेंबर 2021 ला आली. आमच्याकडे गव्हाणीत मोळी टाकायची तयारी चाललेली. हंगामाच्या तोंडावर डेटाबेसला हात लावायचा नाही, हा माझा नियम. त्या वर्षी ऊस एवढा होता की राज्यात काही कारखाने जूनपर्यंत चालले. आमचं गाळप मेच्या मध्यावर थांबलं. तोवर 14.3 आलं होतं, म्हणजे तीन वेळा दुरुस्त झालेलं. मी म्हटलं, आता हरकत नाही.

भाची : आणि तू चढवलंस.

मामा : चढवलं. पावत्यांच्या टेबलाचे इंडेक्स फुगले होते. शेतकी विभागातली मुलं दिवसभर बिलाच्या कपाती टाकत होती. त्यांचं काम थांबू नये म्हणून ‘कॉन्करंटली’वाला पर्याय घेऊन, चालू कामातच इंडेक्स नव्याने बांधले. आठवड्याभराने एक शेतकरी काउंटरवर आला. हातात काट्याची छापील पावती, नंबर स्वच्छ. आम्ही नंबर टाकतो, पडद्यावर काही नाही. पुन्हा टाकतो, काही नाही. तो माणूस रागावला नाही, नुसती पावती आणखी पुढे सरकवली. शेवटी मी सगळं टेबल पहिल्या ओळीपासून चाळायला लावलं, तर नोंद जागच्या जागी! टेबलात आहे, इंडेक्समध्ये नाही. तुझ्या घरात तू आहेस, पण दारावरच्या पाटीवर तुझं नाव नाही, तशातली गत.

भाची : 14.0 ते 14.3 मधला दोष तो. वेळापत्रक मोडून 16 जून 2022 ला 14.4 काढावं लागलं.

मामा : आला कुठून? एका सुधारणेतूनच ना? चालू कामात इंडेक्स बांधायला तासन्‌तास लागतात, आणि तोवर मेलेल्या ओळी झाडता येत नाहीत. चौदामध्ये ठरवलं की झाडणाऱ्याने त्या बांधणाऱ्यासाठी खोळंबायचं नाही. कल्पना चांगली. पण झाडलेल्यांतल्या काही ओळी बांधणाऱ्याला अजून हव्या होत्या. तुझा पॅचही इंडेक्स बांधण्याबद्दलच आहे, म्हणून माझ्या पोटात गोळा येतो.

भाची : थांब. तू तुझ्या बाजूने बोलतोयस असं तुला वाटतंय. आवृत्ती आली सप्टेंबरात. दोष उघड झाला मेमध्ये. आठ महिने. त्या आठ महिन्यांत तू काय केलंस?

मामा : थांबलो.

भाची : तुझ्यासारखे कितीतरी थांबले. प्रत्येकाला वाटत होतं, आधी दुसऱ्याने पाय ठेवावा. थांबून दोष सापडला असता, तर तो डिसेंबरात सापडला असता. तू शहाणपणाने वाट पाहिलीस आणि नेमका सापळ्यावर येऊन उभा राहिलास.

मामांनी पन्ह्याचा रिकामा पेला उचलला आणि रिकामा आहे हे पाहून परत ठेवला.

मामा : म्हणजे चूक माझी?

भाची : तसं नाही रे. मी म्हणते, फ्रीझने सगळं ठीक होतं हा समज चुकीचा आहे. 2014 ची गोष्ट सांगते. 9.4 मध्ये जेसनबी नावाचा नवा प्रकार येत होता. जेसनच्या नोंदी पटकन शोधता येतील अशा साठवायच्या. सगळी दुनिया त्याची वाट पाहत होती. बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, निघाला. एका वापरणाऱ्याने आपला खराखुरा डेटा त्यात भरून पाहिला, तर जागा जास्त खातोय.

मामा : का?

भाची : (कागद ओढून) हे बघ. एका नोंदीत बारा-बारा अक्षरांचे चार तुकडे आहेत. प्रत्येक तुकडा कुठे संपतो ते सुरुवातीला लिहून ठेवायचं होतं. त्यांनी लिहिलं : 12, 24, 36, 48. आकडा चढतच जाणार, पुन्हा कधी तोच येणार नाही. डेटा दाबून लहान करणारा भाग शोधतो पुनरावृत्ती. पहिल्या 1 किलोबाइटात त्याला दाबण्याजोगं काही मिळालं नाही, तर तो नाद सोडतो. मोठ्या नोंदीत पहिला किलोबाइट या चढत्या आकड्यांनीच भरला. पुढचा सगळा मजकूर दाबण्याजोगा असून तसाच राहिला.

मामा : आणि उपाय?

भाची : शेवट लिहायचा नाही, लांबी लिहायची. 12, 12, 12, 12. आता पुनरावृत्तीच पुनरावृत्ती. पण मग तीनशेवा तुकडा शोधायला आधीच्या सगळ्या लांब्यांची बेरीज करत बसावं लागेल. म्हणून दर 32 व्या जागी खरा शेवट लिहायचा, मैलाच्या दगडासारखा. एवढा बदल केला. त्यापायी ऑक्टोबरात तिसरा बीटा काढला, ज्यांनी आधीचे बीटा चालवले होते त्यांना डेटा पुन्हा भरायला लावला, आणि आवृत्ती आली 18 डिसेंबरला.

मामा : मग हे तर माझंच म्हणणं झालं! थांबले म्हणून वाचले. तसंच बाहेर पडलं असतं तर ते चढते आकडे लोकांच्या डिस्कवर बसले असते. कोड दुरुस्त करता येतो गं, लोकांच्या डिस्कवर बसलेली मांडणी वर्षानुवर्षं निघत नाही.

भाची : थांबले म्हणून दुरुस्ती *करता* आली. दोष *सापडला* तो त्या एका माणसाने खरा डेटा भरला म्हणून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही थांबणारे लोक पहिलीचं श्रेय घेता, दुसरीचं काम करत नाही.

मामा : बरं, मग 9.3 चं सांग. सप्टेंबर 2013 मध्ये ओळींची कुलपं नव्या पद्धतीने लावायला सुरुवात केली. एकाच ओळीवर अनेकांची कुलपं असली तर त्यांचा हिशेब ठेवायची नवी तऱ्हा. पुढे जवळजवळ दोन वर्षं तो हिशेब चुकत राहिला. 2015 मध्ये 22 मे, 4 जून, 12 जून, अशी तीन आठवड्यांत तीन दुरुस्तीपत्रं निघाली. त्यांतलं मधलं तर मेमधल्या दुरुस्तीनेच जो नवा घोटाळा केला, तो निस्तरायला. दुधाने तोंड पोळलं म्हणून फुंकून ताक प्यावं, तर ताकही गरम! दर वेळी सर्व्हर बंद करून चालू करायचा कोणी? मी.

भाची : आणि त्यातून धडा घेतलाच ना त्यांनी? 9.5 मध्ये अपसर्ट येत होता. नोंद असेल तर बदल, नसेल तर घाल, एका दमात. लोकांनी वर्षानुवर्षं मागितलेलं फीचर. मे 2015 मध्ये कोडमध्ये आलं होतं. तरी आवृत्ती शरदात न काढता आधीचं घर आवरलं, आणि 9.5 आलं 7 जानेवारी 2016 ला. नवं फीचर हातात असून थांबायला जिगर लागते. ती मी नाकारत नाही.

मामा : मग भांडतेस कशाला?

भाची : थांबायलाही हद्द हवी म्हणून. डेबियन लिनक्स बघ. 3.0 आलं जुलै 2002 मध्ये. पुढचं 3.1 कधी? जून 2005. जवळजवळ तीन वर्षं. ‘तयार होईल तेव्हा देऊ’ हे त्यांचं ब्रीद. तत्त्व म्हणून सुंदर. पण नवा संगणक घेतलेल्या माणसाला जुन्या आवृत्तीत त्याचं हार्डवेअर चालेना. मग लोक अस्थिर शाखेतलं सामान स्थिर शाखेत आणून खिचडी करायला लागले. त्याच सुमारास, ऑक्टोबर 2004 मध्ये, डेबियनच्याच पायावर उबंटू आलं आणि म्हणालं, दर सहा महिन्यांनी देऊ. अति स्थैर्याच्या पोटी अस्थैर्यच आलं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग हसले.

मामा : तुला तालुक्याच्या स्टँडवरची संध्याकाळची शेवटची एसटी आठवते? गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकायचे, कोणी टोपी, कोणी पिशवी. एकाने तर पोरगंच आत टाकलेलं मी पाहिलंय. आणि सकाळी, अर्ध्या अर्ध्या तासाने गाडी असायची तेव्हा? तेच लोक ‘जाऊ दे ही, मागची येतेच आहे’ म्हणून चहा प्यायला जायचे. माणसं तीच. मागची गाडी नक्की आहे की नाही, एवढ्यावर सगळा फरक.

भाची : अगदी! वर्षाला एक आवृत्ती, सप्टेंबर-ऑक्टोबरात, हे पक्कं असल्यामुळेच पोस्टग्रेसवाले एखाद्या पॅचला ‘या वेळी नको’ म्हणू शकतात. तारीख नसती तर ‘या वेळी नको’चा अर्थ ‘कधीच नको’ झाला असता, आणि प्रत्येकाने रुमाल टाकला असता.

मामा : मग तू का टाकतेयस?

भाची : (जरा ओशाळून) कारण आमची मागची गाडी अर्ध्या तासाने नसते, वर्षाने असते. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, मार्च असे पाच कमिटफेस्ट असतात, सगळ्यांनी एकमेकांचे पॅच तपासायचे म्हणून. खरं तर जुलैतच यायला हवं. पण मार्चमध्येच झुंबड उडते. परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी.

मामा : आणि आदल्या रात्री पाठ केलेलं किती टिकतं ते मला माहीत आहे. 2018 मध्ये मर्ज या नव्या आज्ञेचं तेच झालं ना?

भाची : हो. लेखकांत एक मराठी आडनावही होतं. एप्रिलच्या सुरुवातीला, फ्रीझच्या तोंडावर कोडमध्ये गेलं, आणि 12 एप्रिलला बाहेर काढलं. रचनेवरचे आक्षेप एवढ्या थोड्या दिवसांत मिटण्यासारखे नव्हते. परत आलं ते 15 व्या आवृत्तीत, ऑक्टोबर 2022 मध्ये. साडेचार वर्षांनी! त्याच 15 मधून 1 सप्टेंबरला, रिलीजला दीड महिना उरलेला असताना, एसक्यूएल-जेसनची सगळी नवी फंक्शनं काढून टाकली. त्यातलं जेसन टेबल अवतरलं 2024 च्या सप्टेंबरात, 17 व्या आवृत्तीत. ज्यांनी लिहिलं त्यांचं काय झालं असेल, विचार कर.

मामा : वाईट वाटलं असेल. पण काम बुडालं का? दोन्ही आलं, आणि धड आलं. गाडीत चढलेल्या माणसाला ‘उतर बाबा, मागच्या गाडीने ये’ असं सांगता येणं, आणि तो अपमान न मानता उतरणं, ही मोठी शिस्त आहे. आमच्या कारखान्यात एकदा सुरू केलेली गोष्ट कोणी मागे घेत नाही. घेतली तर ज्याने सुरू केली त्याचं नाक कापलं जातं. म्हणून चुकीच्या गोष्टी चालूच राहतात.

भाची : हे मान्य. पण त्या साडेचार वर्षांचा खर्च तू धरत नाहीस. ज्यांना मर्ज हवं होतं ते काय गप्प बसले? प्रत्येकाने आपापल्या प्रोग्रामात जुगाड केला. दोन माणसं एकदम तीच नोंद घालायला गेली की काय होतं, याचा विचार त्या जुगाडांत किती जणांनी केला असेल? पोस्टग्रेसमधला दोष निदान यादीत नोंदला जातो, दुरुस्त होतो. जुगाडांतले दोष कोणत्या यादीत गेले? तुझ्या काउंटरवरच्या शेतकऱ्यासारखे कितीतरी जण त्यांच्यापायीही परत गेले असतील. फक्त त्याचं पाप डेटाबेसच्या माथी आलं नाही.

हा मुद्दा मामांना लागला. त्यांनी मान हलवली, पण लगेच दुसरीकडून शिरले.

मामा : एक सांग. तुझा पॅच ज्याने कोडमध्ये घ्यायचा, त्याचं काय जातं?

भाची : प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं सांभाळावी लागते. माझी नोकरी बदलली, मला कंटाळा आला, मी निघून गेले, तरी तो कोड त्याच्या गळ्यात.

मामा : मग तो ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो अडवतोय असं नको म्हणूस. पाच वर्षांची हमी मागतोय म्हण. आणि तो अवघड प्रसंग कोणता?

भाची : इंडेक्स बांधणं अर्ध्यावर असताना सर्व्हर पडला, आणि उठल्यावर मेमरीची मर्यादा आधीपेक्षा कमी केलेली असली, तर. मला वाटतं काही होणार नाही.

मामा : वाटतं, की पाहिलंयस?

मनू काही बोलली नाही. ओट्यावरून आंबेडाळीचा चमचा घेऊन आली आणि उभ्यानेच खाल्ला.

भाची : पाहिलेलं नाही. ती चाचणी लिहायला दोन दिवस लागतील असं वाटून टाळली.

मामा : बघ म्हणजे.

भाची : आता माझा प्रश्न. तू नेहमी म्हणतोस, लोकांनी नीट तपासून मग द्यावं. लोक म्हणजे कोण?

मामा : म्हणजे... तुम्ही. बनवणारे.

भाची : आमच्याकडे काय आहे? आम्हीच बनवलेला खोटा डेटा. सगळ्या नोंदी एकाच मापाच्या, गुळगुळीत. तुझ्या पावत्यांत एकच गट नंबर तीन तऱ्हेने लिहिलेला असतो, रात्री दोनला पंधरा गाड्या एकदम काट्यावर येतात, बिलाच्या आठवड्यात एकाच ओळीवर चार जण कपाती टाकतात. दोष तिथे राहतात, मामा. मेमध्ये पहिला बीटा येतो. गाळप बंद, सर्व्हर रिकामे, सप्टेंबरपर्यंत चार महिने. आमचं वेळापत्रक जणू तुझ्या हंगामासाठीच आखलंय. आणि इतक्या वर्षांत तू एकदाही बीटा चालवलेला नाहीस.

मामा : कारखान्याच्या सर्व्हरवर बीटा? वेड लागलंय?

भाची : सर्व्हरवर कोण सांगतंय! तुझ्या जुन्या लॅपटॉपवर. पावत्यांची प्रत आहे ना तुझ्याकडे?

मामा : आहे. नावं, खाते क्रमांक पुसलेली. शिकाऊ पोरांना सरावासाठी बनवली होती.

भाची : तीच भर. तुझे नेहमीचे रिपोर्ट चालव. 2022 ला केलंस तसं कपाती टाकता टाकता इंडेक्स बांध. काही हरवलं तर कळव. हरवलं नाही तरी कळव, त्यालाही किंमत असते.

मामा उठले. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक डिस्क काढली. वर चिकटपट्टीवर त्यांच्या सुबक अक्षरात ‘गाळप, सरावासाठी’ असं लिहिलेलं. ती त्यांनी तिच्यापुढे सरकवली, त्या शेतकऱ्याने पावती सरकवली होती तशीच, न बोलता.

मामा : आणि तुझा पॅच?

भाची : आज रात्री ती चाचणी लिहायला बसते. उद्यापर्यंत झाली नाही, किंवा झाली आणि पॅच पडला, तर मीच रुमाल काढून घेते. जुलैला टाकीन परत.

मामा : आणि नाही पडला तर?

भाची : तर अजून तीन दिवस आहेत की!

मामा काही म्हणाले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकत होतं. त्यांनी एप्रिलचं पान उलटलं, मेच्या पानावर दुधाच्या हिशेबासाठी सोडलेल्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘बीटा’ लिहिलं, आणि मान वळवून विचारलं, “त्या लॅपटॉपला रॅम पुरेल ना गं?”